तांदळाला खल्ला नाही

“आज तेवढं करू नकोस, आई.”

“काय तेवढं?”

“तुला ठाऊक आहे काय ते.”

आई परातीत तांदळाचं पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही. “नाय करणार म्हटलं ना काल. सकाळधरनं किती वेळा सांगशील?”

किती वेळा सांगितलं ते मलाही आठवत नव्हतं. त्या शुक्रवारी माझा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडकीशी जायचं, खालचा रस्ता बघायचा, परत ओट्याशी यायचं, माझ्या गव्हाच्या पिठावरचं फडकं उचलायचं, पीठ मेलं फुगलेलं नसायचं, की पुन्हा खिडकी. यहुद्यांच्या नव्या देशातलं आमचं दिमोना गाव वाळवंटात आहे, पण म्हणून तिथे थंडी नसते असं कुणी समजू नये. हिवाळ्यातलं वारं दाराच्या फटीतून शिरतं आणि घोट्यांना चावतं. अशा घरात यीस्ट घातलेलं पीठ रुसून बसतं, आणि मला तर ते नेमकं त्याच दिवशी फुगायला हवं होतं.

फ्रेहा यायची होती. निस्सीमची आजी.

निस्सीम आणि मी एकाच सूतगिरणीत कामाला होतो. तो यंत्रं दुरुस्त करायचा, मी कांड्या भरायची. त्याचं घराणं मोरोक्कोतलं, आमचं रेवदंड्याजवळच्या एका गावातलं. त्याचं नाव ऐकूनच आई निम्मी खूश झाली होती; नाव तरी आपल्याकडचं वाटतं, म्हणाली. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले आणि आजीने त्याला वाढवलं. त्या घरात आजी म्हणेल ती पूर्व दिशा. थोरल्या नातवाचं ठरत आलेलं लग्न तिने मोडलं होतं आणि का मोडलं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता धाकट्याने हिंदुस्थानातून आलेली मुलगी काढली म्हटल्यावर ती एवढंच बोलली, “मुलगी मी गिरणीच्या फाटकाशी पाहिली आहे. मला तिचं स्वयंपाकघर बघायचंय. शुक्रवारी सकाळी जाते.”

शुक्रवारी सकाळी! शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू, मग विस्तवाला हात लावायचा नाही. दोन दिवसांचं रांधून, घर धुऊन, आंघोळी करून सगळं त्याआधी उरकायचं. कुठल्याही यहुदी बाईच्या घरी शुक्रवारी सकाळी शहाणं माणूस जात नाही. म्हणजे बाईने वेळ पारखून निवडली होती.

आणि निवडणारच. आमच्याबद्दल गावात बोललं जायचं. हे हिंदुस्थानातले, साड्या नेसतात, तिखट खातात, यांना धर्मातलं काय कळतं? इतकी वर्षं हिंदूंच्या शेजारात काढली, निम्मं त्यांचंच उचललं असेल. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण दवाखान्याच्या बाकावर आपण बसलो की शेजारच्या बायका आवाज बारीक करतात, ते काय आपल्याला कळत नाही?

निस्सीम म्हणाला होता, “ती नाही म्हणाली तर मी घर सोडून येईन.”

“आणि जाशील कुठे?” मी म्हटलं. “जिने वाढवलं तिला सोडून येणारा उद्या मलाही सोडील. आणि लपूनछपून आणायला मी काय चोरीचा माल आहे? होकार हवा, तोही तिच्या तोंडचा.”

बोलून बसले होते खरी. मला तो मुलगा हवा होता. इतका हवा होता की रात्री झोप लागत नव्हती आणि गिरणीत धागे तुटत होते.

तर आईचं ‘तेवढं’ म्हणजे काय, ते सांगते.

आई कुठलंही पीठ मळो, तांदळाचं, नाचणीचं, गव्हाचं, मळून झालं की पहिली भाकरी थापायच्या आधी ती त्यातून एक चिमूट तोडायची. पदर डोक्यावर घ्यायची, तव्याची कड उचलून ती चिमूट विस्तवात टाकायची आणि म्हणायची, “ज्याचं त्याला.” मग हात झटकून कामाला लागायची. गावी चूल होती तेव्हा चुलीत टाकायची, इथे स्टोच्या जाळात टाकते. वास सुटायचा जळक्या पिठाचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं करतात. आणि आमच्या आळीत करायच्याही. आमच्या शेजारच्या हिंदू घरातली काकूसुद्धा जेवणाआधी चुलीत घास टाकायची, मग त्यात वेगळं काय वाटणार?

वेगळं वाटलं ते ब्रोनियाबाईंमुळे. ब्रोनियाबाई म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोलंडच्या बाई. मनाने चांगल्या, त्यांच्याकडे भट्टी होती आणि शिकवायची हौस होती. फ्रेहाचा निरोप आला तशी मी त्यांच्याकडे धावले. म्हटलं, मला खल्ला करायला शिकवा. आमच्या घरी शब्बाथच्या ताटात फडक्याखाली दोन चपात्या नाहीतर भाकऱ्या असायच्या. त्यांच्यावरच बाबा बराखा म्हणायचे, म्हणजे आशीर्वाद. इथे सगळ्यांच्या घरी वेणी घातलेला, वरून अंड्याने चकाकणारा पाव असतो. तो दुकानात मागताना आपण ‘खल्ला द्या’ म्हणतो. मला तो घरी करून दाखवायचा होता.

ब्रोनियाबाईंनी पीठ मळून दाखवलं आणि मधेच म्हणाल्या, “याला खल्ला का म्हणतात, ठाऊक आहे?”

“पावाचं नाव आहे.”

“आता झालंय. मुळात ते पावाचं नव्हे.” त्यांनी पिठाचा लिंबाएवढा गोळा तोडून माझ्यासमोर धरला. “आपल्या तोराच्या पोथीत सांगितलंय, पीठ मळलं की त्यातला पहिला वाटा देवाचा म्हणून बाजूला काढा. त्या वाट्याला खल्ला म्हणायचं. यरुशलेमचं मंदिर होतं तेव्हा तो पुरोहिताच्या घरी जायचा. आता मंदिर नाही, म्हणून जाळून टाकायचा. आमच्याकडे हळूहळू शब्बाथच्या पावालाच लोक खल्ला म्हणायला लागले. गंमत बघ, पाव आपण खातो आणि नाव त्याला जे खात नाही त्याचं.”

मी पुढचं ऐकलंच नाही. हाताला पीठ तसंच, एका दमात जिना चढून वर गेले. “आई! आई, तुझ्या त्याला नाव आहे! खल्ला म्हणतात त्याला!”

आई मासे साफ करत होती. “असूं दे नाव,” ती म्हणाली. “आपलं काय अडलं होतं?”

मी तिला मिठी मारली आणि तशीच खाली येऊन ब्रोनियाबाईंना सांगितलं, माझी आई हे रोज करते, जन्मभर करत आलीय. त्यांनाही आनंद झाला. त्यांनी विचारलं, “कुठल्या पिठातून?”

“कुठल्याही. गावी तर तांदूळच असायचा.”

त्यांचा चेहरा उतरला. “तांदळाला खल्ला नाही, बाळ. गहू, जव आणि त्यांच्याच जातीची धान्यं, तेवढ्यांनाच. हे जिला ठाऊक असतं ती तांदळातून कधी काढत नाही.” त्यांनी विचारलं, “तुमचे शेजारी काही असं करायचे का?”

चुलीत घास टाकणारी काकू आठवून मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “मग ते त्यांचं असेल. वाईट वाटून घेऊ नकोस. पण आजीबाईंसमोर ते नको.”

एका दमात चढलेला जिना मी या वेळी कठडा धरून चढले. आईला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, सुरी मात्र थांबली होती.

“त्यांचा शिजलेला भात असतो गं, तूप घालून,” ती म्हणाली. “आपलं कच्चं पीठ. ते येगळं.”

“ते तिला कोण समजावणार? तिला तांदूळ दिसला की संपलं.”

“बरं,” आई म्हणाली. “नाय करत.” तिने पुन्हा सुरी उचलली. तिला लागलं होतं, मला दिसत होतं, पण त्या वेळी मला माझंच पडलं होतं.

आणि आता तो शुक्रवार उगवला होता. बाबांना आईने सकाळीच बाहेर पिटाळलं होतं. घरात असले तर घाबरून चारचारदा पाणी मागतील म्हणाली. भाकऱ्या मात्र त्यांच्यासाठीच होत्या. त्यांच्या पोटाला तांदळाशिवाय काही मानवायचं नाही. आज एक दिवस तांदूळ नको म्हणून मी सुचवून पाहिलं होतं. “माझ्या नवऱ्याला उपाशी ठेवून तुझी सोयरीक जमवू?” असं आईने विचारल्यावर मी निमूट तांदळाच्या पिठाचा डबा काढून दिला.

“आली!” मी खिडकीतून ओरडले.

खाली रस्त्यावर निस्सीम दिसत होता आणि त्याच्या पुढे एक बुटकी, काळ्या कपड्यातली म्हातारी वाऱ्याला खांदा देत चालत होती. तिच्या हातात शालीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं आणि ते ती निस्सीमला धरू देत नव्हती.

दार उघडलं. तिने दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या मेझुझाच्या पवित्र डबीला बोटं लावून ओठांना लावली आणि तशीच माझ्या अंगावरून सरळ स्वयंपाकघरात गेली. निस्सीम तिच्यामागे आला, तर म्हणाली, “तू बाहेर थांब. इथे बायकांचं काम आहे.” तो बिचारा जिन्यात उभा राहिला.

तिने शाल सोडली. आत झाकणाचं मोठं जर्मनचं पातेलं होतं. ते तिने खुर्चीवर ठेवलं, झाकणावर हात ठेवून दाबलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसली.

आई हळूच म्हणाली, “सोताचं जेवण घेऊन आली वाटतं गं.”

माझ्याही मनात तेच आलं होतं. आमच्या घरचं तोंडात घालायला नको म्हणून घरून पातेलं! कानशिलं तापली माझी. पण तोंडावर हसू ठेवून मी म्हटलं, “चहा घेणार?”

“मी प्यायला आलेली नाही. तुमचं चालू दे.”

हिब्रूत लहानथोर सगळ्यांना ‘तू’च म्हणतात. आईला सांगताना मी फ्रेहाच्या ‘तू’चं ‘तुम्ही’ करत होते, आणि आईच्या बोलण्यातलं जे सांगण्याजोगं नव्हतं ते गाळत होते. दोघींच्या मधे उभं राहून माझी नुसती तारांबळ चालली होती.

फ्रेहा बसल्या जागेवरून सगळं बघत होती. धर्माप्रमाणे वेगळी ठेवायची मांसाची भांडी कुठली, दुधाची कुठली, ते तिने बोटानेच विचारलं. आईने बोटानेच दाखवलं. मीठ लावून, रक्त निथळायला तिरप्या फळीवर ठेवलेल्या कोंबडीपाशी जाऊन तिने वाकून पाहिलं आणि हुंकार दिला. तो हुंकार बरा होता की वाईट, काही कळेना. मी तिच्या तोंडाकडे बघावं, तर ती स्टोकडे बघायची. मी स्टोकडे बघावं, तर आईच्या हातांकडे माझं लक्ष जायचं. आई आपली पीठ मळतेय, मळतेय. इतकं मळायचं काय होतं त्यात?

“आणि हे?” फ्रेहाने माझ्या फडक्याकडे बोट केलं.

माझी वेळ आली. मी फडकं काढलं. पीठ अखेर थोडं फुगलं होतं. “शब्बाथचा पाव मी घरी करते,” मी म्हटलं. “आता खल्ला काढून बराखा म्हणणार, मग वेणी घालणार.” काल सबंध पाळीभर मी ती बराखा गिरणीत कांड्या भरताना पाठ केली होती. मी डोक्याला रुमाल बांधला, गोळा तोडायला हात घातला आणि तोंड उघडलं.

“थांब!”

मी थांबले.

“पीठ किती आहे?”

मी परातीकडे पाहिलं. “दोन पावांपुरतं.”

“एवढ्याशा पिठावर बराखा नसते. पीठ भरपूर असेल तरच. देवाचं नाव असं फुकट घेतात का? कुणी शिकवलं तुला?”

ब्रोनियाबाई नेहमी सगळ्या नातेवाइकांसाठी मळायच्या, ढीगभर. किती असायला हवं ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. माझा हात पिठातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच राग आला.

“काय झालं गं? काय म्हणते ती?” आईने विचारलं.

“काही नाही. तुझं काम कर.”

मी असं म्हणायला नको होतं. काम कर म्हटल्यावर आईने काम केलं. तिचं लक्ष सगळं माझ्या तोंडाकडे, माझ्या डोळ्यांकडे होतं, आणि हात आपले आपण चालले होते. मळून झालं होतं. तिने पदर डोक्यावर घेतला. चिमूट तोडली. तव्याची कड उचलली.

“आई!”

“ज्याचं त्याला,” आई म्हणाली, आणि चिमूट जाळात पडल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. तिने पदर तोंडावर दाबला.

जळक्या पिठाचा वास खोलीत पसरला. फ्रेहा खुर्चीवरून उठली होती.

“काय टाकलं तिने?”

सांगता आलं असतं काहीही. तवा तापला का बघत होती, म्हटलं असतं. पीठ खराब होतं म्हटलं असतं. पण त्या बाईने मला आत्ताच माझ्या पिठासमोर लहान केलं होतं, खुर्चीवर तिचं ते पातेलं होतं, आणि माझी आई तोंडावर पदर धरून स्वतःच्याच स्वयंपाकघरात चोरासारखी उभी होती. माझं डोकंच फिरलं.

“ऐकायचंय? ऐक,” मी म्हटलं. “पिठाची चिमूट टाकली. रोज टाकते. तिची सासू टाकायची, तिची आई टाकायची. आज टाकू नकोस म्हणून मी तिला बजावलं होतं, तुझ्यासाठी. तांदळाचं पीठ आहे ते. तांदळाला खल्ला नाही, मला ठाऊक आहे, सांगितलंय मला. आमचे शेजारी चुलीत शिजलेला भात टाकायचे, त्यांचंच उचललंय म्हण. आम्हाला काही येत नाही. झालं समाधान? आता ते पातेलं उचल आणि नातवाला घेऊन जा.”

जिन्यात निस्सीमच्या बुटांचा आवाज झाला आणि थांबला.

फ्रेहाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती स्टोपाशी गेली आणि वाकून जाळात बघत राहिली. “तांदळातून,” ती म्हणाली. “विचार तिला, हे तिला शिकवलं कुणी?”

“सांगितलं ना—”

“तू नको सांगूस. तिला विचार.”

मी आईला विचारलं. आई अजून पदरातूनच बोलत होती. “शिकवायचं काय त्यात? सासूचं बघितलं. तिने तिच्या सासूचं बघितलं असंल.”

“कुणी रब्बी होता गावात? कुणी पुस्तक वाचणारा?”

“रब्बी कुठला? तेलाचे घाणे होते आमचे. शनवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. पुस्तक वाचता आलं असतं तर बैलामागं कोण फिरलं असतं?”

“नाव काय याचं?”

“नाव नाय. काढायचं, एवढंच.”

“आणि नाही काढलं तर?”

आईने पदर खाली केला. हा प्रश्न तिला बावळटपणाचा वाटला असावा. “तर मग खायचं नाय.”

“गहू नव्हता तुमच्याकडे?”

“सणासुदीला. येरवी तांदूळ, नायतर नाचणी. आमच्याकडं पिकतो काय गहू?”

मी एकेक वाक्य इकडून तिकडे नेत होते. फ्रेहाला आता माझ्या उत्तराची वाट बघायलाही वेळ नव्हता. मी बोलायच्या आत ती आईच्या तोंडाकडे बघून मान हलवायची. मग ती खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“ऐक, मुली,” ती म्हणाली. “माझा बाप पंडित होता. आमच्या घरी पुस्तकं होती. तुझ्या शिकवणारणीच्या घरीही असतील. पुस्तकातून शिकलेली बाई तांदळातून कधी काढायची नाही, कारण काढू नको म्हणून पुस्तकात लिहिलंय. दुसऱ्याचं बघून करणारी त्याच्यासारखं शिजलेलं टाकील. तांदळातून कच्चं कोण काढील? जिचं पुस्तक गेलं, गहू गेला, नावसुद्धा गेलं आणि हात तेवढा राहिला, तीच काढील. ही चूक कुणाला शिकवून करता येत नाही.”

तिने आईचा पिठाने भरलेला हात धरला. “किती शेकडो वर्षं तुम्ही बायका अशा चुकत आलात गं?”

आईने हात सोडवून घेतला नाही. “काय म्हणते ती?”

“म्हणते, तुझं चुकलंय.”

“ते मला कालच कळलं. मग रडते कशाला?”

मला हसूही आलं आणि रडूही आलं. मी सांगायला गेले, पण मला नीट सांगताच येईना. फ्रेहाने डोळे पुसले आणि खुर्चीवरचं पातेलं ओढून मांडीवर घेतलं. झाकण काढलं.

आत जेवण नव्हतं. मळलेलं गव्हाचं पीठ होतं, फुगून कडेपर्यंत आलेलं.

“हे मी घरी मळलं,” ती म्हणाली. “मुद्दाम अपुरं मळलं. एवढ्यावर बराखा नाही. तुझ्याही पिठावर नाही. दोन्ही एका भांड्यात एकमेकांना चिकटली तर एक होतात, मग बराखा लागते.” तिने बोट उचललं. “पण त्यालाही एक अट आहे. माझ्या पिठाला तिचं पीठ लागलं म्हणून दोघींतल्या एकीचंही मन खट्टू होता कामा नये. एकीला जरी नको वाटलं, तरी कितीही दाबून बसवा, ती दोन पिठं वेगळीच. थोरल्याचं ठरत होतं तेव्हा त्या मुलीच्या घरी असंच पातेलं घेऊन गेले होते. तिथे कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जसं झाकून नेलं तसंच परत आणलं.”

मी त्या पातेल्याकडे बघत राहिले. सगळी सकाळ मी त्याचा राग राग केला होता.

“माझी हरकत नाही,” फ्रेहा म्हणाली. “आता तुझ्या आईला विचार, तिची आहे का.”

मी आईला सगळं सांगितलं. अगदी सावकाश, एक शब्द न गाळता. आई ऐकत होती. तिने पातेल्यातल्या पिठाकडे पाहिलं, मग फ्रेहाकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ तव्याकडे. तवा तापून धूर निघायला लागला होता. माझा जीव टांगणीला लागला. दोन दिवस मी तिला गप्प बसवलं होतं, आणि आता माझं सगळं तिच्या एका शब्दावर होतं.

“आई, बोल ना काहीतरी.”

“तिला सांग,” आई म्हणाली, “आमच्या घरात पिठाला हात लावायच्या आधी हात धुतात. रस्त्यातनं आलीय ती.”

एरवी मी हे गाळलं असतं. आज मी ते जसंच्या तसं सांगितलं.

फ्रेहाने भुवया वर केल्या. मग ती उठली, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि मोरीत जाऊन उभी राहिली. आईने तांब्याने तिच्या हातांवर पाणी घातलं आणि पुसायला आपला पदर पुढे केला. जिन्यात निस्सीम मोठ्याने हसला. मेला सगळं ऐकत होता.

माझ्या गव्हाच्या परातीत दोन्ही पिठं एकत्र आली. फ्रेहाने तिच्या बाजूने दाबलं, आईने तिच्या बाजूने. थोड्या वेळाने कुठलं कुणाचं ते दिसेनासं झालं. मी गोळा तोडायला पुढे झाले, तर फ्रेहाने माझा हात बाजूला सारला. “तुला बराखा येते, तिला काढता येतं. तू सांग, तिला म्हणू दे.”

मी हिब्रूतला एकेक शब्द सांगत गेले आणि आई मागून म्हणत गेली, अडखळत, रेवदंड्याच्या हेलात. या वेळी चिमूट नव्हती, चांगला लिंबाएवढा गोळा होता. आईने पदर डोक्यावर घेतला, तव्याची कड उचलली, आणि बराखा म्हणून झाली होती तरी सवयीने तिच्या तोंडून गेलंच, “ज्याचं त्याला.”

सकाळपासून फ्रेहा आईबद्दल मला काही ना काही विचारत होती. याचा अर्थ मात्र तिने नाही विचारला.

“आमेन,” ती म्हणाली.